एव्हरेटच्या नावापुढचं करडं वर्तुळ

फुकट काम करणाऱ्या माणसांना एक खोड असते. काम बाजूला ठेवून ती काम कसं करायचं यावरच जास्त भांडतात. पगारी नोकरीत साहेब सांगतो अमुक अ‍ॅप वापरा, लोक मुकाट्यानं ते वापरतात आणि चहाच्या वेळी त्याला शिव्या घालतात. इथे साहेबच नाही, त्यामुळे शिव्या आधी आणि अ‍ॅप नंतर.

पेट्रेल नावाचा प्रोग्रॅम असाच बिनसाहेबाचा होता. फंडीच्या उपसागरात लहान होड्या घेऊन लॉबस्टर धरायला जाणाऱ्यांना तो भरती-ओहोटीच्या वेळा सांगायचा, आणि बेटांमधल्या कुठल्या खिंडीत पाण्याची ओढ किती, कुठल्या अंगाला, हेही सांगायचा. कुणी त्याचा एक पैसा घेत नव्हतं. किनाऱ्यावरच्या गावांतली आणि हॅलिफॅक्समधली दहा-बारा माणसं नोकऱ्या आणि पोरंबाळं सांभाळून तो लिहीत होती. जिनेट कोमो ही त्यांची मुकादम. मुकादम म्हणजे काय, तर कुणी रुसलं की समजूत काढायची, आणि कुणी काम अर्धवट टाकून गेलं की ते पुरं करायचं. दिवसा ती मेटेगनच्या शाळेतले कॉम्प्युटर ताळ्यावर आणायची आणि घरी आल्यावर ही माणसं.

पण पेट्रेलचा जीव होता एव्हरेट डेंटन. सत्तरी ओलांडलेला हा गृहस्थ पूर्वी किनाऱ्यावरच्या रेडिओ केंद्रात कामाला होता. पन्नाशीच्या आत त्याची दृष्टी गेली, तेव्हा घरी बसून कुढण्यापेक्षा तो कोड लिहायला शिकला. स्क्रीनवरचा मजकूर त्याला मशीन वाचून दाखवायचं, तेही इतक्या भरधाव की दुसऱ्याला नुसती पोपटपंची ऐकू यायची. खिंडीतल्या पाण्याच्या ओढीचं सगळं गणित त्यानं एकट्यानं बसवलेलं. तो ब्रायर बेटावर आपल्या बहिणीबरोबर, ऑलिव्हबरोबर राहायचा. आभाळ स्वच्छ असलं की जिनेटला स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते बेट दिसायचं, उपसागराच्या पलीकडे, अगदी नाकासमोर. जायचं म्हटलं तर मात्र सगळ्या पाण्याला वळसा घालून दोन फेरीबोटी बदलाव्या लागत.

एव्हरेटचं सगळं बोलणं मेलवर. पेट्रेलचा एक मेल-गट होता. एका पत्त्यावर लिहिलं की सगळ्यांना पोचायचं. नुसता साधा मजकूर, ना चित्र ना रंग. एव्हरेटच्या मशीनला तो लोण्यासारखा जायचा. आणि एव्हरेटची जीभ! कोडमध्ये कुणी घोळ घातला की सकाळी त्याचा मेल हजर: "जिनेटबाई, मी आंधळा आहे, पण तुमचा गोंधळ मला बेटावरून दिसतोय." ती चिडायची, हसायची, चूक दुरुस्त करायची. असं किती वर्षं चाललं होतं.

आठवड्याचा नियमही त्याचाच. सुरुवातीला कुठल्याही गोष्टीला सगळ्यांचा होकार येईस्तोवर महिने जायचे. मग एव्हरेटनं लिहिलं, "पोटापाण्याचं बघून उरलेल्या वेळात येणारी माणसं आपण. प्रत्येकाला दर वेळी 'हो' म्हणायला लावू नका. प्रस्ताव मांडा, एक आठवडा थांबा. ज्याची हरकत असेल त्यानं बोलावं. एक हरकत आली की थांबायचं. कुणी बोललं नाही तर ठरलं, पुढे चला." तेव्हापासून पेट्रेलची गाडी या नियमावर बिनबोभाट चालली होती.

मग कॅलम आला. हॅलिफॅक्सचा, तिशीतला, हुशार, आणि उत्साह असा की समोरच्याला धाप लागावी. त्यानं आल्याआल्या तीन माणसं आणली, नकाशे देखणे केले, आणि महिन्याभरात म्हणाला, "हे मेल-गटाचं काय लफडं आहे? माझ्या आजीचा शिवणवर्गसुद्धा याच्यापुढे गेलाय."

त्यानं एक अ‍ॅप सुचवलं. एव्हरेटनं त्यावर सात परिच्छेदांचा मेल पाठवला. त्यात सुरुवातीला मुद्दे होते आणि शेवटी टोमणे. हरकत आली, प्रस्ताव थांबला. कॅलमनं जिनेटला फोन केला.

"मी सोडतोय."

"अरे, एका मेलवर कुणी सोडतं का?"

"एका मेलवर नाही. तुम्ही सगळे त्याला घाबरता म्हणून. तो खाकरला की तुम्ही कोड परत घेता."

जिनेटला राग आला, कारण ते थोडंफार खरं होतं. शिवाय भीती वाटली. कॅलम गेला की त्यानं आणलेले तिघेही जाणार, आणि मागे उरणार गुडघे धरून बसणारी जुनी खोडं. तिनं त्याला थांबवलं. वसंतात डिग्बीच्या चर्चच्या हॉलमध्ये सगळे दरवर्षी जमायचे, तिथे यावर समोरासमोर बोलू म्हणाली.

त्या वर्षी एव्हरेट डिग्बीला आलाच नाही. ऑलिव्हच्या खुब्याचं ऑपरेशन हॅलिफॅक्सला ठरलं होतं. "बहीण दवाखान्यात, मी घरी, आणि मांजर दोघांवर नाराज," असं त्यानं कळवलं होतं. जिनेटनं ऑलिव्हला फुलं पाठवली. म्हणजे तो घरात एकटा आहे, हे तिला पक्कं माहीत होतं. पुढे तिला सगळ्यात जास्त टोचलं ते हे.

हॉलमध्ये चाउडरचं, म्हणजे माशांच्या दाट सुपाचं, पातेलं मध्ये ठेवून अ‍ॅपची चिकित्सा सुरू झाली. एक फार महाग, दुसरं एका बड्या कंपनीचं म्हणून तत्त्वात बसेना, तिसरं फुकट होतं पण जुन्या फोनवर रडायचं. एका बाईला निळा रंग खपत नव्हता. मुलीचं लग्न ठरवताना होणार नाही इतका काथ्याकूट झाला. शेवटी कॅलमनं चौथं काढलं. त्यात विषयवार खोल्या होत्या, फोटो टाकता यायचे, आवडलं की अंगठा दाखवता यायचा. चाउडर संपला होता आणि माणसं थकली होती. हे बरं आहे, असं सगळ्यांनाच वाटलं.

"एव्हरेटचं काय?" कुणीतरी विचारलं.

"नियम आहे ना," कॅलम म्हणाला. "आठवडा देऊ. हरकत असली तर सांगेल. गप्प बसणाऱ्यातला आहे का तो?"

सगळे हसले. जिनेटही हसली.

कॅलमनं त्याच दुपारी नवं घर उघडलं. मेल-गटातली सगळी नावं उचलून त्यानं तिकडे ओतली, प्रत्येकाला आमंत्रण गेलं. आणि मेल-गटावर त्यानं चार ओळींची सूचना लिहून जिनेटला दाखवली. मेल-गट बंद करण्याचा प्रस्ताव आहे, आठवडाभर त्यावर नव्या जागी चर्चा होईल, सगळ्यांनी तिकडे यावं. दोन्हीकडे फाटे फुटू नयेत म्हणून मेलवर आलेलं मत धरलं जाणार नाही.

"शेवटचं वाक्य जरा कडक नाही का?" जिनेट म्हणाली.

"नाहीतर तो तिथेच बसून सात परिच्छेद लिहील. तुला पाहिजेत?"

तिला नको होते. ती म्हणाली, "पाठव."

आठवडाभर नव्या जागी धमाल उडाली. माणसं होड्यांचे, कुत्र्यांचे, जेवणाचे फोटो टाकत होती. वर्षानुवर्षं न बोललेले लोक अंगठे दाखवत होते. बाजूला सगळ्यांची नावं दिसायची. आत असेल त्याच्यापुढे हिरवं वर्तुळ, नसेल त्याच्यापुढे करडं. एव्हरेट डेंटन, करडं. येईल, असं जिनेट मनाशी म्हणत राहिली. आठवडा सरत आला तेव्हा तिनं एकदा फोन हातात घेतला. नंबर पाठ होता. मग तिला वाटलं, गप्प आहे ना, राहू दे गप्प. कशाला आपण होऊन ओढवून घ्या? तिनं फोन ठेवला आणि बटाटे सोलायला घेतले.

आठवडा संपला. हरकत आली नाही. मेल-गट बंद झाला. जिनेटला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची थोडी लाजही वाटली, पण लाज फार टिकली नाही.

कामाला वेग आला हे खोटं नाही. होड्यांवरचे लोकही खूश होते. एव्हरेटचं नाव बाजूला तसंच होतं. जिनेट अधूनमधून त्याला त्या नावानं हाक मारून काही विचारायची, वाढदिवसाला तिनं केकचं चित्रही टाकलं. सगळ्यांनी खाली अंगठे दाखवले. उत्तर नाही. पहिल्यांदा तिला वाईट वाटलं, मग राग आला. म्हातारा रुसून बसलाय. इतकी वर्षं ओळखतो आणि साधा एक शब्द टाकवत नाही! थकला असेल, असं बाकीचे म्हणाले. तेच सोयीचं होतं, म्हणून तेच सगळ्यांनी मानलं.

दुसऱ्या वसंतात कॅलम साफसफाई करत होता. त्यानं जिनेटला सहज विचारलं, "न आलेली नावं काढून टाकू ना? तीनच आहेत. दोघांचे पत्ते बंद झालेत, आणि एक एव्हरेट."

"न आलेली म्हणजे?"

"म्हणजे आमंत्रण गेलं, पण आत पाऊलच टाकलं नाही कधी."

"तो आहे की त्यात! नाव दिसतं त्याचं."

"नावं मी ओतली होती, जिनेट. सगळ्यांचीच दिसतात. माणूस आला नाही तर वर्तुळ करडं राहतं."

वर्षभर ती एका रिकाम्या नावाशी बोलत होती, त्याच्यावर रुसली होती, त्याला केक दिला होता.

शनिवारी ती निघाली. वळसा घालून, पहिली फेरीबोट, मधलं लांबुळकं बेट, दुसरी फेरीबोट. खिंडीत पाणी असं ओढत होतं की बोट तिरकी चालवावी लागत होती. किती तिरकी, हे एव्हरेटच्या गणितानं रोज लोकांना कळत होतं.

दार ऑलिव्हनं उघडलं, काठी टेकत. "आलीस का शेवटी," एवढंच म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

एव्हरेट खिडकीशी बसला होता, मांडीवर मांजर. "पावलं ओळखली," तो म्हणाला. "अजून डावा पाय घासतेस. बस, पोरी."

जिनेट बसली. येताना रचलेली सगळी वाक्यं पार विसरली. "एव्हरेट, तुम्ही आत आलाच नाहीत कधी?"

"आलो की. दारापर्यंत आलो." तो हसला. "तुमच्या त्या नव्या घराच्या दारात एक पहारेकरी उभा आहे, ठाऊक आहे तुला? तो नऊ चित्रं दाखवतो. म्हणतो, यातले सिग्नल ओळख, म्हणजे तू माणूस आहेस अशी खात्री पटेल."

जिनेटनं डोळे मिटले. तिनंही ती चित्रं पाहिली होती, विचार न करता टिचक्या मारून आत गेली होती.

"आवाजाची सोय असते ना त्यात?"

"असते. कढईत मासा तळतोय आणि पाठीमागे कुणीतरी आकडे सांगतंय. अर्धा जन्म रेडिओवर वादळात अडकलेल्या बोटी ऐकल्या मी. ते आकडे नाही लागले. तीन दिवस बसलो. दर वेळी मशीन सांगायचं, तुम्ही माणूस आहात हे सिद्ध झालं नाही."

"शेजारी कुणाला तरी बोलवायचं!"

"माझ्याच घरात शिरायला शेजारी बोलावू?" त्याचा आवाज चढला, मांजर उडी मारून गेलं. "ऑलिव्ह असती तर तिला म्हणालो असतो. ती दवाखान्यात होती. तुला माहीत होतं ते, फुलं तूच पाठवलीस."

"मग मेल करायचा होता मला. एक ओळ."

"मेलवरचं मत धरलं जाणार नाही, असं तुम्हीच लिहिलंत ना? मला वाटलं कॅलमचं काम. ऑलिव्हनं परत आल्यावर विचारलं, जिनेटला दाखवल्याशिवाय तो पाठवेल का? मी म्हणालो, नाही."

ऑलिव्हनं चहा आणि गुळमट मोलॅसिसची बिस्किटं ठेवली आणि तिथेच उभी राहिली.

"मी फोनची वाट बघितली," एव्हरेट म्हणाला, आता शांतपणे. "आठवडाभर. मग मनात म्हटलं, नियम माझाच आहे. प्रस्ताव असा की एव्हरेट डेंटन बाहेर. कुणाची हरकत असेल तर बोलेल. आठवडा झाला, महिना झाला. कुणीच बोललं नाही."

जिनेट रडायला लागली. तिला रडायचं नव्हतं, कारण रडलं की समोरच्याला समजूत घालावी लागते, आणि तो हक्क आज तिचा नव्हता. एव्हरेटनं समजूत घातलीही नाही.

"मी फोन उचलला होता," ती म्हणाली. "परत ठेवला. तुम्ही नाही म्हणाल म्हणून."

"म्हणालोच असतो."

"परत या, एव्हरेट. मेल-गट पुन्हा उघडते. त्या अ‍ॅपचं लागेल ते करू. तुम्ही म्हणाल तसं."

"मी रिकामा नाही गं आता. आम्ही काही आंधळे मिळून एक काम करतोय, बसच्या वेळा वाचून दाखवणारं. ओटावाचा एक आहे, मॉन्क्टनची एक बाई आहे. रविवारी टेलिफोनवर जमतो. अ‍ॅप नाही, काही नाही, नुसती भांडणं." तो पहिल्यांदा मनापासून हसला. मग म्हणाला, "विचारलंस, बरं वाटलं. आठवडा दे मला."

परतीच्या फेरीबोटीवर उभं राहून जिनेटनं स्वतःला समजावलं की आठवडा मागितलाय म्हणजे नाही म्हटलेलं नाही.

कॅलमला तिनं सगळं सांगितलं. "मी ते वाक्य लिहिलं," तो म्हणाला. "आणि मी पाठव म्हटलं," ती म्हणाली. मग त्यानं जुना मेल-गट उघडला, पहारेकऱ्याची चित्रं काढली, आणि नव्या जागी लिहिलेलं साध्या मेलवर पोचेल, मेलवर लिहिलेलं तिथे उमटेल, अशी जोडणी करून टाकली. शनिवार-रविवारचं काम निघालं. गेल्या वसंतातही तेवढंच निघालं असतं. मेल-गटावर जिनेटनं पहिलाच मेल लिहिला: एव्हरेट डेंटन यांनी परत यावं असा प्रस्ताव आहे. त्याखाली बाकीच्यांच्या उत्तरांची रांग लागली. सगळ्यांनी हो म्हटलं, नियमानं गरज नसताना.

एव्हरेटकडून काही आलं नाही. जिनेट शाळेत, गाडीत, दुकानाच्या रांगेत मेल बघत होती.

आठवडा भरला तसा कॅलमचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "हरकत नाही आली, जिनेट! म्हणजे येतोय ना तो? नियमानं ठरलं की!"

"थांब," ती म्हणाली. "मी विचारते."

या वेळी तिनं बटाट्यांना हात लावला नाही. खिडकीतून बेट स्वच्छ दिसत होतं. तिनं नंबर लावला, आणि एव्हरेटनं पहिल्याच घंटेला उचलला. फोनजवळच बसला असावा.

"मला वाटलंच होतं, या खेपेला करशील," तो म्हणाला.

"मग? येताय?"

"नाही, पोरी." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला सोसेना. "मेलवर लिहायला बसलो होतो. तुझे आणि त्या सगळ्यांचे हो वाचून घेतले, दोनदा. पण तुमच्यात बसलो की दर वेळी ते दार आठवेल मला. तुलाही आठवेल. तू माझी चूक काढायला बिचकशील. मग मजा काय त्यात?"

"एव्हरेट—"

"खिंडीचं गणित तुमच्याकडेच राहू दे. कुठे अडलं तर विचार. फोन करून विचार."

ती हो म्हणाली. फोन ठेवून ती खिडकीशीच उभी राहिली. वर्षापूर्वी याच खिडकीशी उभी राहून तिनं हाच नंबर लावला असता, तर तो एका अ‍ॅपला नाही म्हणाला असता. चार दिवस भांडणं झाली असती, कॅलम गेला असता किंवा नसता गेला, आणि एव्हरेट राहिला असता. ते एवढंसं 'नाही' ऐकायची तिची तयारी नव्हती.

कॅलम ताटकळत असेल हे तिला आठवलं. तिनं मेल-गट उघडला आणि आपल्याच प्रस्तावाखाली लिहिलं: "हरकत आली आहे." मग ते सगळ्यांना पाठवून दिलं.